पेलिकनच्या पंखाखालून

मुलांनो, डोळे मिटा आणि एक स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. (डोळे मिटून वाचता येत नाही, तेव्हा एक उघडा ठेवा.) घर ओहायोतलं आहे. खिडकीबाहेर बर्फ आहे, आत ओव्हनमध्ये चीज घातलेली मॅकरोनी खदखदते आहे. जेवणाचं टेबल चांगलं ऐसपैस आहे, पण घरातली तिघं माणसं त्याच्या एका कोपऱ्यात अंग चोरून जेवतात, कारण बाकीच्या टेबलावर पुस्तकं आहेत. जाडी पुस्तकं, पातळ पुस्तकं, रंगीत चिठ्ठ्या लावून साळिंदरासारखी झालेली पुस्तकं. ती सगळी एकाच जागेविषयी आहेत, फ्लॉरिडातल्या ‘मॅरिगोल्ड बे’ नावाच्या मोठ्या मनोरंजन पार्कविषयी. आता आणखी एक गोष्ट कल्पनेत आणा. त्या घरातल्या एकाही माणसानं ती जागा पाहिलेली नाही.

त्या कोपऱ्यात सगळ्यांत कमी जागा मिळायची ती जूनी प्रुइटला. ती तेव्हा सात वर्षांची होती आणि तिला त्या सगळ्या पार्कातली एकच गोष्ट हवी होती.

ती गोष्ट तिला पाच वर्षांची असताना सापडली. तिच्या आईनं, ऱ्होंडानं, सहलीसाठी पहिलं पुस्तक आणलं होतं, ‘संपूर्ण मॅरिगोल्ड बे’. त्यात एका पानाच्या कोपऱ्यात लहानसा फोटो होता. तळ्यात एक बुटकी लाल बोट, बोटीत एकटाच मुलगा, आणि त्याच्या हातात पितळी घंटेची दोरी. मुलाचं तोंड उघडं होतं. घंटेचा आवाज फोटोत येत नाही, पण जूनीला तो ऐकू आला. मागे काठावर लाकडाचा एक उंच पेलिकन पक्षी पंख पसरून उभा होता आणि त्याच्या गळ्यात पाटी होती.

“बाबा, काय लिहिलंय?”

डेलनं चष्मा कपाळावर चढवून पान नाकाजवळ नेलं. “ज्याचं डोकं माझ्या पंखाखालून जाईल, तो कप्तान.”

“माझं जाईल?”

“तुझं काय, तू खांद्यावर मांजर घेऊन गेलीस तरी जाईल.”

तेव्हापासून जूनीच्या लेखी मॅरिगोल्ड बे म्हणजे घंटेची बोट. बाकीचं पार्क त्या बोटीभोवती उगाच बांधलेलं होतं.

त्या वर्षी ते गेले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण ऱ्होंडानं ते पुस्तक वाचायला घेतलं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की पार्कवाल्यांनी छापलेल्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नका, त्यांना फक्त तुमचा पैसा हवा असतो. ऱ्होंडाला हे पटलं. मग तिनं दुसरं पुस्तक आणलं, ‘रांगेशिवाय मॅरिगोल्ड बे’. त्याच्या पहिल्या पानावर होतं की ‘संपूर्ण मॅरिगोल्ड बे’वर विश्वास ठेवू नका, ते सगळेच वाचतात. ऱ्होंडाला हेही पटलं. तिसऱ्या पुस्तकाच्या लेखकानं आपल्याला ठाऊक असलेली गुपितं सांगितली होती आणि मुखपृष्ठावर अभिमानानं छापलं होतं की ही गुपितं आजवर लाखो वाचकांनी वाचली आहेत. ते गुपित कसं उरलं, हा प्रश्न ऱ्होंडाला पडला नाही. तुम्हाला पडला असेल तर उत्तम, तो खिशात ठेवा. पुढं लागेल.

मग वेबसाइटी आल्या. एकीवर गर्दीचं पंचांग होतं. त्यात वर्षातला प्रत्येक दिवस हिरवा, पिवळा किंवा लाल रंगवलेला. हिरव्या दिवशी जावं, लाल दिवशी जाऊ नये. पण एखादा दिवस हिरवा झाला की सगळे त्याच दिवसाची तिकिटं काढत, आणि मग तो दिवस लाल होई. वसंतातली सुट्टी लाल, उन्हाळा लाल, ख्रिसमस तर असा लाल की पडद्याला हात लावला तर चटका बसावा.

“या पंचांगाप्रमाणे,” डेल म्हणाला, “पार्कात जायचा सगळ्यांत उत्तम दिवस म्हणजे पार्क बंद असतो तो.”

“थट्टा कर तू. तयारी न करता गेलेल्या लोकांचं काय होतं वाचलंयस का?”

“काय होतं?”

“रडतात. मुलांसमोर रडतात. फोटो आहेत.”

डेल टायरच्या दुकानात काम करायचा. तयारी न करता प्रवासाला निघालेली माणसं तो रोज बघायचा, आणि त्यांतलं कोणी फारसं रडत नाही हे त्याला माहीत होतं. पण त्यानं मॅकरोनीत लक्ष घातलं.

सगळ्यांत शेवटी सापडली आयांची साइट. तिथं देशभरातल्या आया एकमेकींना प्रश्न विचारायच्या आणि उत्तरं द्यायच्या. उत्तरं दिली की पदवी मिळे. आधी ‘अंडं’, मग ‘पिल्लू’, मग ‘मगर’, आणि सर्वांत वर ‘सुवर्ण मगर’. आधी ऱ्होंडा प्रश्न विचारायला गेली होती. कोणतं पुस्तक घ्यावं? दिवसभरात इतकी उत्तरं आली की तिनं ती सगळी पुस्तकं घेतली. मग कोणीतरी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि ऱ्होंडानं उत्तर दिलं, कारण आता तिच्याकडं सगळी पुस्तकं होती. उत्तराच्या शेवटी तिनं लिहिलं, ‘निश्चिंत राहा.’ आयांना ते फार आवडलं.

ऱ्होंडा दातांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर बसायची. अर्धं तोंड बधिर झालेल्या रोग्यांना ती मॅरिगोल्ड बेच्या रांगांविषयी समजावून सांगायची आणि त्यांना मध्ये बोलता येत नसे. घरी आली की कोट काढायच्या आधी साइट उघडायची. ती वाईट आई होती असं समजू नका. तिला आपल्या मुलीला एक परिपूर्ण सहल द्यायची होती. तिच्या लहानपणी तिला एकही मिळाली नव्हती. फक्त परिपूर्ण गोष्ट नेहमी पुढच्या वर्षी असते, हे तिला कोणत्याच पुस्तकानं सांगितलं नव्हतं. तसं सांगितलं असतं तर पुढच्या वर्षीची आवृत्ती कोणी विकत घेतली नसती.

एक वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी सगळ्या पुस्तकांनी एकमुखानं जाहीर केलं की पार्कात ‘गर्जना’ नावाची नवी रोलर कोस्टर येते आहे, तेव्हा आत्ता जाईल तो मूर्ख. ‘गर्जने’च्या दाराशी लाकडी मगर उभी असणार होती, आणि तिच्या पुढं केलेल्या पंजापेक्षा जो उंच असेल त्यालाच आत सोडणार होते. झालं. आता जूनी पुरेशी वाढेपर्यंत थांबणं आलं.

स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर ऱ्होंडानं त्या पंजाच्या उंचीला हिरवी रेघ मारली. दर महिन्याला जूनीला तिथं उभं करायचं.

“ताठ उभी राहा.”

“उभी आहे.”

“गुडघे वाकवतेयस तू. इतर मुलं टाचा वर करतात, आणि ही बया खाली बसते.”

जूनी टाचा कशा वर करणार? तिला मगर नको होती. तिला पेलिकन हवा होता, आणि पेलिकनचा पंख काही तिच्याबरोबर वाढत नव्हता.

तिनं दूध सोडलं. दुधानं मुलं उंच होतात असं शाळेत भिंतीवर लिहिलं होतं. डेलनं एकदा सिंकमध्ये पांढरं पाणी वाहताना पाहिलं.

“हे काय चाललंय?”

“मी वाढायचं थांबवतेय.”

“कशासाठी?”

“बोटीसाठी. तूच वाचून दाखवलंस ना, पंखाखालून.”

डेलनं नळ बंद केला. त्या संध्याकाळी त्यानं जेवताना विषय काढला.

“ऱ्होंडा, त्या घंटेच्या बोटींना उंचीची अट आहे म्हणे. म्हणजे उलटी. जास्त उंच चालत नाही.”

“कोण म्हणे?”

“पेलिकन म्हणे,” जूनी म्हणाली. “पहिल्या पुस्तकातल्या फोटोत.”

“अगं, ती जुनी आवृत्ती. नव्या आवृत्तीत तो फोटो नाहीच.” खरोखरच नव्हता. त्या जागी आता एका हॉटेलची जाहिरात होती. “जुन्या आवृत्तीवर कधी विश्वास ठेवायचा नसतो. आणि मला सांग, उंच असल्याबद्दल कोणी कोणाला हाकलतं का? तुझ्या बाबाला हाकललं कधी कुठून?”

“बास्केटबॉलच्या संघातून हाकललं होतं,” डेल म्हणाला. “पण ते वेगळ्या कारणासाठी.”

ऱ्होंडानं तेवढ्यात एका पुस्तकातला तक्ता काढला. वर लिहिलं होतं ‘किमान उंची’. घंटेच्या बोटींसमोर नुसती आडवी रेघ होती. “बघ. काही नाही.” आणि पुस्तक हातात होतंच, म्हणून तिनं त्याच वेळी साइटवर तासभर पडून असलेल्या एका प्रश्नाचं उत्तरही देऊन टाकलं. ‘घंटेच्या बोटींना उंचीची अट नाही. निश्चिंत राहा.’

आता नीट लक्ष द्या, कारण अशा वाक्यांना पाय फुटतात. गर्दीच्या पंचांगवाल्यांनी ते वाक्य उचललं आणि वर लिहिलं, ‘अनुभवी पालक सांगतात’. ‘रांगेशिवाय’च्या लेखकानं ते पंचांगातून घेतलं. ‘संपूर्ण’च्या नव्या आवृत्तीत ते ठळक अक्षरांत आलं, आणि तिथून आणखी दोन पुस्तकांत गेलं. आणि पुढच्या हिवाळ्यात जूनीनं पुन्हा पेलिकनचं नाव काढलं, तेव्हा ऱ्होंडानं चार पुस्तकं तिच्यासमोर उघडून ठेवली.

“हे वाच. आता हे. आता हे. चार चार जण खोटं बोलतील का?”

जूनीनं वाचलं. चारही ठिकाणी तेच होतं, अगदी शब्दाला शब्द. तिला ते कुठंतरी ऐकल्यासारखं वाटलं, पण कुठं ते आठवेना. आईला तर मुळीच आठवत नव्हतं. त्याच आठवड्यात ती ‘सुवर्ण मगर’ झाली होती.

त्या महिन्यात जूनीचं डोकं हिरव्या रेघेच्या अगदी जवळ पोचलं. डेलनं दुकानात रजा टाकली आणि घरी येऊन सांगितलं, “फेब्रुवारीत जातोय. गाडीनं. दिवस लाल असो की जांभळा.”

“अजून ती थोडी कमी पडते, डेल.”

“मला वाटतं ती थोडी जास्त पडायला लागली आहे.”

ऱ्होंडाला ते कळलं नाही, पण नवऱ्याचा आवाज कळला. तिनं कामाला सुरुवात केली. आडनाव छापलेले तिघांचे सारखे पिवळे टीशर्ट शिवून आले. मगरीच्या पंजासाठी साइटवरच्या सगळ्या आया करतात तेच तिनं केलं. जूनीच्या बुटांत जाड गाद्या घातल्या, एकावर एक. जूनी चालायला लागली की घोड्यासारखी दिसे.

दोन दिवस गाडी हाकून ते मॅरिगोल्ड बेच्या दाराशी पोचले, सकाळी दार उघडायच्याही आधी. आत शिरलं की दोन रस्ते फुटत. सगळ्या पुस्तकांत लिहिलं होतं की अडाणी लोक उजवीकडं वळतात, तेव्हा तुम्ही डावीकडं वळा. दारावर ताणलेली दोरी सुटली आणि सगळं पार्क डावीकडं धावलं. प्रत्येकाच्या काखेत तीच पुस्तकं, प्रत्येक घराचे सारखे टीशर्ट, प्रत्येक मूल घोड्यासारखं टाप टाप करत. उजवीकडच्या रस्त्यावर एक बगळा उभा होता. त्या रस्त्याच्या टोकाला तळं चमकत होतं.

“आई, बोटी तिकडं आहेत.”

“त्या शेवटी. तिथं कधीच गर्दी नसते, सगळीकडं लिहिलंय.”

“गर्दी नसते तर आत्ताच जाऊ या ना.”

या वाक्यात काही चूक आहे का ते शोधा. ऱ्होंडालाही सापडली नाही, म्हणून तिनं मुलीचा हात धरून डावीकडं ओढलं.

‘गर्जने’च्या रांगेत पुढं उभ्या असलेल्या बाईनं मागं वळून टीशर्ट वाचला. “प्रुइट? ओहायोच्या? तुम्ही त्या सुवर्ण मगर तर नाही?”

ऱ्होंडा लाजली. “हो, मीच.”

“अहो, तुमच्यामुळं आम्ही आलो. हे बघा, तुम्ही सांगितल्याप्रमाणं पोराच्या बुटात गाद्या घातल्यात. तुम्ही किती वेळा येऊन गेलात हो इथं?”

डेलला खोकला आला. जूनीनं मान वर करून आईकडं पाहिलं.

“मोजलं नाही कधी,” ऱ्होंडा म्हणाली.

 ऱ्होंडा बाटली काढून पाणी प्यायली, आणि मग बराच वेळ बाटलीचं झाकण लावत राहिली.

गाद्यांमुळं जूनीचं डोकं मगरीच्या पंजाच्या वर गेलं. ‘गर्जने’साठी अर्धा दिवस रांगेत गेला आणि ती एका किंकाळीत संपली. मग पुस्तकांनी सांगितलेली सँडविचं खाऊन झाली, पुस्तकांनी सांगितलेल्या जागी उभं राहून फोटो झाले, आणि उन्हं उतरायच्या सुमाराला ते एकदाचे तळ्यावर आले.

पेलिकन फोटोतल्यासारखाच होता, रंग थोडा उडालेला. घंटा वाजत होत्या. एकीचा आवाज बसका, एकीचा बारीक. जूनीनं आईचा हात सोडला, श्वास घेतला आणि पंखाखाली पाऊल टाकलं.

लाकडावर कपाळ आपटल्याचा ठक्क आवाज आला.

काठावर बोटी सांभाळणारा, उन्हानं नाक सोललेला एक तरुण उभा होता. “लागलं का? बूट काढून बघ.”

जूनीनं बूट काढले. बूट काढल्यावर ती एकदम तिच्या वयाची दिसू लागली. तिनं केसांतली रिबीनही काढली, केस हातानं दाबून बसवले, आणि सावकाश, मान जराही न वाकवता पुढं गेली. पंख तिच्या डोक्याला टेकला. फार नाही. भुवईपाशीही नाही, जिथं भांग सुरू होतो तिथं.

“सॉरी,” तरुण म्हणाला. “बोट छोटी आहे गं. वजन वर गेलं की कलंडते.”

“एक मिनिट,” ऱ्होंडा पुढं आली. पुस्तक उघडलेलंच होतं. “इथं स्पष्ट लिहिलंय.”

“मॅडम, पुस्तक पंखाखालून जाईल. मुलगी नाही जाणार.”

“अहो, पण छापलंय. ‘अनुभवी पालक सांगतात, घंटेच्या बोटींना उंचीची अट नाही. निश्चिंत...’”

ती थांबली. पुढचा शब्द तिला वाचायची गरज नव्हती.

“आई,” जूनी म्हणाली, “हे तूच लिहिलं होतंस. त्या दिवशी, जेवताना. मला आत्ता आठवलं.”

ऱ्होंडानं दुसरं पुस्तक उघडलं. मग तिसरं. सगळीकडं तिचाच आवाज होता, आणि त्यांतल्या एकाही पानानं कधी पेलिकन पाहिला नव्हता. ज्या पहिल्या पुस्तकाच्या माणसानं तो पाहून फोटो काढला होता, ते आता गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांखाली होतं. ओलं झालं असणार.

“मागच्या वर्षी आली असतीस तर आरामात बसली असतीस,” तरुण म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण डेलनं तोंड फिरवून तळ्याकडं पाहिलं.

ती तिघं बाकावर बसली.  तेवढ्यात ऱ्होंडाच्या हातातल्या फोनवर आयांच्या साइटचा प्रश्न उमटला. खास तिलाच विचारलेला. ‘सुवर्ण मगर ताई, माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. त्याला घंटेच्या बोटींचं वेड आहे. मी विचार करतेय की तो ‘गर्जने’एवढा उंच झाला की एकदमच येऊ. बरोबर ना?’ खाली दोघी-तिघींनी आधीच लिहून टाकलं होतं, ‘हो, बरोबर.’

“फोन दे,” जूनी म्हणाली.

ऱ्होंडानं दिला. मग जूनीनं काय केलं ते सांगतो. ती मोजे घातलेले पाय बाकावर घेऊन बसली आणि एकेक अक्षर शोधत लिहू लागली. ‘मी त्यांची मुलगी आहे. आम्ही आज पहिल्यांदाच आलो. बोटीत बसायला पेलिकनच्या पंखाखालून जावं लागतं. माझं डोकं लागलं. लाल दिवस असला तरी या. आत्ताच या.’ खाली ‘निश्चिंत राहा’ तिनं लिहिलं नाही. आईला न विचारता तिनं ते पाठवलं आणि फोन परत दिला.

ठक्क असा आवाज झाला. पंखापाशी एक लहानशी मुलगी कपाळ चोळत उभी होती, आणि तिची आई पुस्तकाची पानं भराभर उलटत होती.

जूनीनं आपल्या बुटांतल्या गाद्या ओढून काढल्या, कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, आणि मोज्यांवरच पळत जाऊन त्या मुलीसमोर गुडघे टेकून बसली.

“तुझ्यापण बुटात आहेत ना?” तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तिच्या बुटाची नाडी सोडायला लागली.